चौथी वाटी

मालन : ट्रंकेची किल्ली मागू नका. घरात बारसं आहे, आजच्या दिवशी तरी मला तोंड उघडायला लावू नका.

दत्ताराम : किल्ली तुझ्या कनवटीलाच राहू दे गो. ट्रंक तू उघड, बाटली तू काढ, ओत पण तूच. मला फक्त अर्धी वाटी स्पिरिट पाहिजे.

मालन : काल संध्याकाळी शेवटचा हात मारून झाला म्हणालात ना? उदबत्तीसुद्धा ओवाळलीत पाळण्याला. मग आता स्पिरिट कशाला?

दत्ताराम : पॉलिश पांढरं पडलंय म्हणून. ही श्रावणातली हवा. लाखेत ओल शिरली की अशी साय धरते. स्पिरिटचा नुसता पुसट हात फिरवला की उतरते. पंचवीस वर्षं हेच काम केलंय, मला शिकवू नकोस.

मालन : पंचवीस वर्षं काय काय केलंत ते मला विचारा. हे बघा, पुरण लागेल खाली, मला चुलीपुढून हलवू नका. तीन वाट्या दिल्या मी तुम्हाला, मोजून. एवढा लाखदाणा विरघळवायला तीन पुरतात, हे तुमचंच बोलणं. काल दुपारी चौथी मागितलीत, लाख घट्ट झाली म्हणून. तीही दिली. आता पाचवी?

दत्ताराम : अर्धी.

मालन : मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, ऑइलपेंटचा डबा आणा. हिरवा, पिवळा, कुठलाही. चार ब्रश मारले की झालं काम. स्पिरिट घरात यायलाच नको होतं.

दत्ताराम : ऑइलपेंटचा वास आठ आठ दिवस जात नाही. त्यात बारा दिवसांचं पोर झोपवणार? आणि दात शिवशिवायला लागले की ते कठडा चावणार. त्या रंगात काय काय घालतात देव जाणे. लाख पोटात गेली तरी बाधत नाही.

मालन : पोटात गेलेलं काय बाधतं आणि काय नाही, हे तुम्ही मला सांगताय?

दत्ताराम : सकाळी सकाळी टोमणे नकोत.

मालन : टोमणा कसला? हाच पाळणा तुम्ही सुगंधासाठी केलात. पायावर वेली कोरल्यात, काचपेपर घासून लोण्यासारखं लाकूड केलंत. कारखान्यातून पॉलिशही आणलंत. कुठे गेलं ते पॉलिश? वीस वर्षं पाळणा माळ्यावर कोराच्या कोरा. माझी पोर जुन्या लुगड्याच्या झोळीत वाढली.

दत्ताराम : तेव्हा दारूबंदी होती.

मालन : दारूबंदी सगळ्या मुंबईला होती. सगळी मुंबई काही पॉलिश प्यायली नाही.

दत्ताराम : सोडली ना मी? सव्वा वर्ष झालं. माझ्याबरोबर पॉलिश पिणारा बळवंत गेला त्या दिवसापासून थेंबाला शिवलो नाही, आणि हे तुलाही ठाऊक आहे.

मालन : ठाऊक आहे. आणि बळवंतभाऊजी कसे गेले तेही ठाऊक आहे. सकाळी उठून बायकोला म्हणाले, आज धुकं किती पडलंय गं. भर मे महिना, अंगाची लाही होत होती, आणि म्हणे धुकं! तिला वाटलं झोपेत बरळतायत. दुपारी पोटात कळा सुरू झाल्या. ही बया लाजेपायी डॉक्टरला काय सांगते, तर शिळं खाल्लेलं बाधलं. तिसऱ्या दिवशी चाळीतून चौघे घेऊन निघाले.

दत्ताराम : पुरे आता.

मालन : मला ते रोज आठवतं. बाटली घरात आली त्या दिवसापासून माझा डोळ्याला डोळा नाही. तुमचं काम झालं, आता संध्याकाळी मी ती मोरीत ओतणार.

दत्ताराम : ओत. ओतच. पण आधी अर्धी वाटी दे. मालन, तुझ्या पाया पडतो. मालाडची माणसं बारा वाजता येतील. सुगंधाच्या सासूने मागेच विचारलं होतं, पाळणा भाड्याने आणणार का म्हणून. मी छातीवर हात मारून सांगितलं, माझ्या हातचा आहे. आणि आता हा असा चुना फासलेला पाळणा दाखवू तिला? उभ्या आयुष्यात हा एक शब्द तरी पाळू दे मला!

सुगंधा : आई, अहो बाबा, हळू बोला ना. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. काय चाललंय गॅलरीत... अगंबाई!

दत्ताराम : बघितलंस ना? सांग आता तुझ्या आईला. तिचा माझ्यावर विश्वास नाही.

सुगंधा : बाबा, काय सुरेख झालाय हो! आई, ते पुरण उतरव आणि आधी इकडे ये. यात माझं तोंड दिसतंय. कपाळावरचं कुंकूसुद्धा दिसतंय.

दत्ताराम : थट्टा करू नकोस, पोरी.

सुगंधा : थट्टा कशाला करू? काचेसारखा झालाय.

मालन : सरक बघू जरा. कुठे पांढरा पडलाय? अहो, कुठे? एक डाग नाही. म्हणजे बाटलीसाठी नातवाच्या पाळण्याचं निमित्त केलंत? घरात बाळंतीण, पाहुणे यायचेत, आणि तुम्ही...

दत्ताराम : आंधळी आहेस का तू? हा कठडा बघ. ही वेल बघ. पहाटेपासून कोरडं फडकं मारतोय, हाताला फोड आले, साय उतरत नाही. वाढतच चाललीय. मघाशी नुसती कडेला होती, आता सगळीकडे पांढरंच पांढरं.

मालन : सगळीकडे?

दत्ताराम : सगळीकडे.

मालन : माझ्याकडे बघा.

दत्ताराम : बघतोय की.

मालन : तिकडे नाही. इथे, माझ्याकडे. माझ्या हातात काय आहे?

दत्ताराम : हा काय पोरखेळ मांडलाय?

मालन : काय आहे सांगा.

दत्ताराम : वाटी. स्पिरिटची वाटी. आणलीस ना?

मालन : कुंची आहे. दोरीवरून ओढलेली बाळाची लाल कुंची.

सुगंधा : आई, काय झालं? बाबा असे का बघतायत?

मालन : काल दुपारी लाख घट्ट झालीच नव्हती. होय ना? चौथी वाटी. मी माझ्या हाताने भरून दिली ती चौथी वाटी.

दत्ताराम : पहिल्या वाटीला काही झालं नाही गो. देवाशपथ. दुसरीलाही नाही. तिसरी ओतताना वास नाकात बसला तो हटेना. पाळणा असा लखलखायला लागला होता. वाटलं, वीस वर्षांनी काम पुरं होतंय, एकदाच. एक वाटी, आणि मग जन्मभर नाही. रात्री बरा होतो. जेवलो, तू बघितलंस. पहाटे उठलो तर पाळण्यावर साय. मला पाळण्यावरच वाटली गो ती. मालन... माका दिसणा नाय गो. मालन, खंय आसस तू?

मालन : मी हयसरच आसंय. हात धरा माझा. सुगंधा, रडत बसू नकोस. शेजारच्या शिवदासभाऊंना सांग, धावत नाक्यावर जा आणि टॅक्सी आणा. मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. आणि पलीकडच्या रत्नप्रभाबाईंना म्हणावं, चूल बघा.

सुगंधा : जाते. पण आई, मालाडची माणसं येतील, त्यांना काय सांगू?

दत्ताराम : पोट दुखत होतं म्हणून सांग. मालन, तिथे पोलीस असतात. नाव लिहून घेतात. जावयाच्या घरी कळलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. खाल्लेलं बाधलं म्हण.

मालन : नाही म्हणणार. बळवंतभाऊजींच्या बायकोने अब्रू झाकली आणि कपाळ पांढरं करून घेतलं. मी हॉस्पिटलच्या दारातूनच ओरडून सांगणार, माझा नवरा पॉलिश प्यालाय, त्याला आधी घ्या. बाटली बरोबर नेणार. सुगंधा, तूही तुझ्या सासूला खरं तेच सांग. काय बोलायचं ते तिने मला बोलावं. जा, पळ.

(सुगंधा जाते. आत बाळ रडू लागतं.)

दत्ताराम : उठलं वाटतं. आण ना त्याला. एकदा डोळ्यापुढे धर. काहीतरी दिसेल अजून.

मालन : हे घ्या. धरलंय. एवढं जवळ.

दत्ताराम : काळं काहीतरी दिसतंय. जावळ का?

मालन : जावळच. तुमच्यासारखं राठ आहे.

दत्ताराम : मी तुला काय काय दिलं गो? एक पाळणा द्यायचा होता.

मालन : रडू नका. मला तुमचा राग येतोय, इतका की हा हात सोडून द्यावासा वाटतोय. आणि सोडवत नाही. चला, जपून, उंबरा आहे. अहो, हळू! पाळण्याला धक्का लागला.

दत्ताराम : हलला का? रिकामा पाळणा हलू नये गो. धर त्याला, धर!

सुगंधा : आई, शिवदासकाका गेले टॅक्सीला. आण, बाळाला माझ्याकडे दे.

मालन : हातात नको घेऊस. पाळण्यात ठेव त्याला.

सुगंधा : आत्ता? अगं, बाराचा मुहूर्त आहे. नाव ठेवायच्या आधी पाळण्यात कसं घालायचं?

मालन : मुहूर्त मला दिसतोय, यांना दिसणार नाही. ठेव. आणि एक झोका दे. कडी वाजली पाहिजे, म्हणजे यांना कळेल.

दत्ताराम : वाजली. वाजली गो. गप्प झालं बघ ते. कठड्याला हात लावू देऊ नका कोणाला, ठसा उमटेल.

मालन : वाळलाय तो. कालच वाळला.

दत्ताराम : खरंच पांढरा नाही पडला?

मालन : नाही हो. तुमचं तोंड दिसतंय त्यात.