यादीत आठवा समुद्र

…आणि सँडलचा बंद, तुम्हाला सांगते, एका दिवसात सात वेळा काढायचा आणि सात वेळा लावायचा, हे तो बनवणाऱ्याच्यासुद्धा मनात आलं नसेल. लग्नातले सँडल हो. शोभेचे. पण मला काय माहीत, समुद्रकाठच्या शहरात जाऊन समुद्र सोडून बाकी सगळं बघायचं असतं?

झालं असं की, लग्न ठरायच्या आधी आम्हा दोघांना अर्धा तास गच्चीवर बोलायला सोडलं होतं, तेव्हा ह्यांनी विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" आता अर्ध्या तासात माणूस काय सांगणार… मी म्हटलं, समुद्र. अजून बघितला नाहीये. हे म्हणाले, "दाखवतो." त्या एका 'दाखवतो'वर मी होकार दिला, नोकरी कसली ते नंतर विचारलं. तिथेच चुकलं. कारण ह्यांची नोकरी जुन्या इमारतींच्या भेगा तपासायची. इंजिनिअर. भिंत दिसली की ओळखीच्या घराचं दार वाजवावं तशी टकटक करतात आणि कान लावून आतून कोणी ओ देतंय का बघतात.

तर सकाळी लॉजवर चहा पितानाच खिशातून कागद निघाला. त्यावर शहरातली सात जुनी प्रार्थनास्थळं. तीन देवळं, दोन चर्च, एक मशीद, एक सिनेगॉग. प्रत्येकापुढे किती वर्षं जुनं, कधी उघडतं, कधी बंद होतं. आणि सगळ्यात खाली, आठवा, समुद्र. वेळेच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

मी हळूच म्हटलं, "आधी समुद्र बघितला तर?"

"अगं, देवळं बंद होतात. समुद्राला कुलूप असतं का? तो कुठे पळून जातोय?"

नवं लग्न, भांडायचा अजून सराव नाही. मी बंद लावला आणि निघाले.

पहिल्या देवळात पुजारीकाका कौतुकाने सांगायला लागले, "चारशे वर्षं झाली, ताई. खलाशी भर समुद्रातून हा कळस बघून घर ओळखायचे." मी लगेच मान उंचावली, म्हणजे इथून समुद्र दिसत असेल? "दिसायचा," काका म्हणाले, "आता मध्ये बँक झाली."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "सगळीकडे हात जोड हं. नवीन जोडपं आहात, काहीतरी मागून ये. लाजू नकोस." काय मागायचं ते त्यांना माहीत, मला माहीत, बहुतेक पुजारीकाकांनाही माहीत. पण मी डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, आज समुद्र दिसू दे. दुसऱ्या देवळातही तेच. तिसरं देऊळ उघडायचं होतं साडेअकराला आणि किल्लीवाला गेला होता जेवायला. आम्ही पायरीवर तासभर. मागच्या गल्लीपलीकडून समुद्र ऐकू येत होता हो… शेजारच्या खोलीत कोणीतरी घोरावं तसा. हे मात्र चौथऱ्याच्या भेगेत अंगठ्याचं नख घालून बसलेले. "बघ, किती नाजूक गेलीय." आमच्या लग्नाला बावीस दिवस झालेत, माझ्याकडे इतकं निरखून एकदाही बघितलेलं नाही.

"मी पटकन बघून येऊ का?"

"एकटी कशाला? आपण दोघं जाऊ ना निवांत. तो कुठे पळून जातोय?"

मग मोठं चर्च. तिथला राखणदार माझ्याच बाजूचा निघाला. "वर मनोऱ्यात जा, सगळा समुद्र दिसतो. फक्त जिना जुना आहे, इंजिनिअरने बघितल्याशिवाय सोडत नाही आम्ही." इंजिनिअरने! मी असं वळून बघितलं ह्यांच्याकडे, की त्या नजरेसाठी तरी माणसाने खोटं बोलावं. ह्यांनी पहिल्या पायरीवर टकटक केली. कान लावला. दुसरीवर केली. आणि चेहरा पाडून म्हणाले, "पोकळ आहे. नाही जायचं." राखणदार सोडायला तयार, देव सोडायला तयार, आमच्याच माणसाने अडवलं.

पुढची तीन स्थळं पायांनी बघितली, डोळ्यांनी नाही. टाचेला फोड आलेला. मशिदीतली थंडगार फरशी तेवढी आठवते, तिथून उठावंसं वाटेना. सगळीकडे मागणं मात्र एकच, शब्दही तेच. धर्म बदलला म्हणून अर्ज कशाला बदलायचा?

आणि सहा वाजता, एकदाचे, आम्ही किनाऱ्याच्या पायऱ्यांवर. समोर चिखल. नजर पोचेल तिथपर्यंत चिखल आणि कुशीवर कलंडलेल्या होड्या. पायरीवर एक आजी जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या.

मी विचारलं, "आजी, समुद्र?"

"गेला की."

"कुठे?"

"आत. ओहोटी नाही का. बाराला या पायरीला लागला होता, तेव्हा नाही यायचं?"

बाराला आम्ही किल्लीवाल्याचं जेवण संपायची वाट बघत होतो. लांब, अगदी लांब, काहीतरी चमकत होतं… ह्यांच्या रकान्यातल्या त्या आडव्या रेघेएवढं. फाटकाशी भरती-ओहोटीच्या वेळांचा भलामोठा फळा. सात दारांवरच्या वेळा उतरवून घेणाऱ्या माणसाने तेवढा वाचला नव्हता.

"परत कधी येईल?" ह्यांनी आजींना विचारलं, बस चुकल्यासारखं.

"मध्यरात्री. पण फाटकाला आठला कुलूप लागतं."

आमची परतीची गाडी पहाटेची. हे खाली बसले आणि माझ्या सँडलचा बंद स्वतः सोडला. "चल, जाऊ तिथपर्यंत चालत." गेलो. पोटरीभर चिखलात दोनशे पावलं. पुढे ह्यांनी पायाने जमीन दाबून बघितली आणि म्हणाले, "पोकळ आहे." मी म्हटलं, माहीत आहे.

परत येताना सासूबाईंचा फोन. "मागितलंस ना सगळीकडे?"

"हो आई. सातही ठिकाणी."

आता मला वाटतं, तेच चुकलं. एकच अर्ज सात कचेऱ्यांत टाकला, की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल.