हिरव्या दिव्यामागची दोरी

हॅलो?... हो, मीच. मामाच बोलतोय. जरा मोठ्यानं बोल, रस्त्यावर आहे... हो, बाहेर. मीसुद्धा पडतो अगं कधीमधी घराबाहेर.

बरं झालं तूच फोन केलास. सकाळपासून तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा फोन खिशात ठेवला... नाही, तब्येत ठीक आहे. तुझ्या आईच्या एका पत्राबद्दल बोलायचं होतं. अडीच महिन्यांपूर्वी आलं होतं मला. मी उत्तर दिलं नाही त्याला.

... बरं, बरं, तुझं आधी. बोल.

हो, वाचली तुझी तक्रार. दोनदा वाचली... चुका फारशा नाहीत. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य लांबलंय, पण रागात लांबतंच माणसाचं... नाही, लाल पेन्सिल नाही लावली. हातच धजला नाही या वेळी.

अगं, ऐक ना. पाठवली नाहीस ना अजून कंपनीला?... बाराला. म्हणजे अर्धा तास आहे. नको पाठवूस... भाषेचं नाही म्हणत मी. त्यात लिहिलंयस ते खरं नाही.

... तू खोटं लिहिलंस असं कुठं म्हणालो? तुला दिसलं ते तू लिहिलंस... हो, सांगतो. पण सलग सांगू दे. तुझी आई मला मुखदुर्बळ म्हणते ते काही उगाच नाही. मध्ये बोललीस की माझं पुढचं वाक्य पळून जातं.

तू लिहिलंयस, आई खुब्याला तडा गेलेल्या अवस्थेत तीन दिवस पलंगावर पडून होती, आणि तिन्ही सकाळी त्यांच्या यंत्रानं तुझ्या मोबाईलवर हिरवा दिवा दाखवला. बरोबर?... आणि पडद्यासमोर बसून अशा पन्नास घरांवर लक्ष ठेवणारी ती बाई, तिनं निष्काळजीपणा केला, तिला काढून टाका... काय? घरी बसवलंय तिला? तुझ्या नुसत्या फोनवर? कधीपासून?... सोमवारपासून. अरेरे.

नाही, मी ऐकतोय. मला हे माहीत नव्हतं. मग तर लवकर सांगायला हवं.

यंत्र बिघडलं नव्हतं, बाळ. त्या बाईचंही लक्ष होतं. फ्रिजचं दार सकाळी नऊच्या आत उघडलं की दिवा हिरवा, नाही उघडलं तर लाल, असंच ठरलं होतं ना तुमचं? भिंतीवरचा तो हालचाल टिपणारा डोळा आईनं लावू दिला नाही, अंथरुणाखाली घालायची ती यंत्राची गादी नको म्हणाली, शेवटी एका फ्रिजवर तडजोड झाली... हो गं, किती मिनतवाऱ्या केल्यास तू, ठाऊक आहे मला. तर फ्रिजचं दार तिन्ही दिवस खरंच उघडलं होतं. तिनंच उघडलं.

... पलंगावरूनच. दोरीनं.

... दोरी. कपडे वाळत घालायची. एक टोक फ्रिजच्या मुठीला, मधे खुर्चीच्या पाठीवरून, दुसरं टोक उशाशी. फ्रिजच्या पुढच्या पायांखाली पुठ्ठे घातलेत, म्हणजे उघडलेलं दार आपलं आपण मिटतं... हो, तीच खुर्ची. वाटेत का ठेवतेस म्हणून तू ओरडली होतीस तिला.

तुला दोरी कशी दिसेल? खालचा शिंपी कोट द्यायला वर आला, त्याला आई पलंगावर सापडली, हे तू लिहिलंयस. तिनंच त्याला सांगितलं असणार, आधी ती दोरी काढ आणि मग माझ्या पोरीला फोन कर. सुंभ जळेल पण तुझ्या आईचा पीळ... हसतेस की रडतेस तू? कळत नाही मला फोनवर.

... मला कसं माहीत.

हो. हाच प्रश्न तू विचारशील असं वाटलं होतं.

त्या पत्रात होतं सगळं. तिचे कान गेल्यापासून आमचं सगळं पत्रांवरच चालतं. म्हणजे तिच्याकडून चालतं. चार पानं होती. सकाळी गुडघा असा धरतो की दहाशिवाय उठवत नाही. दिवा लाल झाला की पोरगी हातातलं काम टाकून धावत येते, मग तिला साहेबाची बोलणी. म्हणून ही युक्ती केली आहे, तिला सांगू नकोस. चित्रसुद्धा काढलं होतं. फ्रिज, खुर्ची, पलंग, आणि दोरी कशी जाते ते दाखवणारा बाण.

... हो. अडीच महिने. माहीत होतं मला.

हॅलो?... आहेस ना?... बोल. काय बोलायचं ते बोल, मी ऐकतोय.

... हो.

... हो, एक फोन. एक फोन पुरला असता.

... नाही, तिनं सांगू नको म्हटलं होतं ही सबब नाही. बहिणीचा शब्द राखतोय असं मी मनाला समजावत होतो. खरं म्हणजे मूग गिळून बसलो होतो. ते मला सोपं जातं.

पत्राचं काय केलं?... ते नको विचारूस... बरं, सांगतो. तपासलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, हाताचं वळण जात नाही. पेन्सिल घेतली, चारही पानांच्या समासात लाल खुणा केल्या, घडी घातली आणि शब्दकोशात ठेवून दिलं. जसं काही ते पुन्हा छापायला जाणार होतं... वाचलं गं. वाचलं म्हणजे चुका वाचल्या. तिची दोरी मला त्या दिवशी गंमतच वाटली. ताई अजून तशीच आहे म्हणून खूश झालो मी. गुडघ्याचं वाक्य तिथंच होतं, त्याच्याखालीही खूण केली होती.

थांब, सिग्नल पडलाय. रस्ता ओलांडतो... ओलांडला. बोल.

उत्तर का नाही दिलं? कारण शेवटच्या पानावर तिनं एक विचारलं होतं... मला विचारलं होतं. तुझ्याकडे येऊन राहू का, म्हणून.

... हो, माझ्याकडे. तुला बोलली नाही? नसेल बोलली. आधी माझं उत्तर हवं असेल तिला. तुझ्याकडे पायऱ्या नाहीत, मी एका कोपऱ्यात राहीन, तुझ्या पुस्तकांना हात लावणार नाही. अगदी हेच शब्द. नाही म्हणायचं असेल तर नाही लिही, मला राग नाही. पण लिही.

... काय सांगू तुला. नाही म्हणवत नव्हतं, आणि हो म्हणायची छाती नव्हती. जन्मभर एकटा राहिलेला माणूस मी. ती पडली तर मला उचलता येईल का, तिच्याशी दिवसभर काय बोलू, स्वयंपाकघरात दोघं मावू का... रोज लिहायला बसायचो. मसुदा करायचो, खोडायचो. अकरा झाले. त्यातले तीन तर नुसत्या मायन्यापाशीच अडले.

... काय म्हणालीस?

ताई कोणाला विचारते? परिचारिकेला?... रोज? पोस्टमन आला का, म्हणून?... दवाखान्यात कशाला येईल पोस्टमन... हो. हो, कळलं मला.

थांब. परत सांग, गाडी गेली मधून.

... म्हणजे दिवा लाल झाला असता तर तू तिला उचलून नेलं असतंस, आणि माझं पत्र मागे रिकाम्या घरात येऊन पडलं असतं. म्हणून दोरी ओढत राहिली. असं ती म्हणाली? तू पाटीवर लिहून विचारलंस तेव्हा?

... तिनं नुसतं टपाल म्हटलं, तू समजलीस बिल यायचं असेल कसलं तरी. तुला काय कल्पना.

जरा थांब हं. इथं कठडा आहे, टेकतो मी.

... आहे, आहे. फोन नको ठेवूस.

... तू कशाला? नाही, असं नाही बोलायचं. पाच आठवडे फेरी झाली नाही तुझी, कबूल. पण तुला हिरवा दिवा दिसत होता, मला दोरी दिसत होती. दोन्ही एका तागडीत नको घालूस... नको रडूस. कार्यालयात आहेस ना तू? लोक बघतील... बघू देत म्हणतेस. बरं. रड मग.

... हो, ती तक्रार. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. त्या बाईच्या पडद्यावर दार उघडलं म्हणून आलं, ती आणखी काय करणार होती? आत्ताच फोन कर त्यांना, तिला परत बोलवा म्हणावं. आणि लेखी हवं असेल तर लिही, आईच्या भावाला सगळं ठाऊक होतं. मी सही करतो... करेन. लाज वाटेल, पण करेन.

आणि आईसाठीचा तो वृद्धनिवासाचा अर्ज?... उद्या सही करायची आहे. खोली अडवून ठेवणार नाहीत ते... चांगली जागा आहे, मी कुठं नाही म्हणतो. भिंतीभिंतीला डोळे आहेत, रात्री-अपरात्री माणूस धावून येतं. तिच्या जिवाला तिथं धोका नाही, हेही मला समजतं.

पण उद्याचं टपाल येईपर्यंत थांबशील?... दवाखान्याच्याच पत्त्यावर. वॉर्ड, खाटेचा नंबर, सगळं लिहिलंय. शर्टाच्या खिशात आहे पत्र. हो, तिकीट लावून.

... ये म्हणून लिहिलंय.

... नाही, विचार करूनच. म्हणजे विचार करायचा थांबवून, म्हण. खोली रिकामी केली चार दिवस खपून. अर्धी पुस्तकं शाळेनं नेली, उरलेली स्वयंपाकघरात लावलीत... हो, ताटं कुठं ठेवायची ते अजून ठरलं नाही. पलंग आला. सुतारानं न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, एक तिरपा बसलाय, परत येतो म्हणालाय.

जमेल का? माहीत नाही, बाळ. मला उचलता येणार नाही हे खरंच आहे. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई येईल, ठरवलंय तिच्याशी... यंत्र लाव की. तो डोळाही लाव, तिनं हो म्हटलं तर. हवं तर मलाही एक लाव. फक्त दिवा हिरवा आहे म्हणून यायचं टाळू नकोस. आणि ती म्हणाली असती मला हे, पण मीच म्हणतो, शेजारच्या खोलीतून मीही उठून बघत जाईन.

... तू पाटीवर लिहून दाखवशील, ते आजच होईल, कळतं मला. पण ते तुझं अक्षर. तिला वाटेल तू मला भरीस घातलंस. तिनं मला विचारलं होतं, मला पत्रानंच सांगू दे... आणि ती आता नाही म्हणाली तर, तर नाही. तिला तो हक्क आहे. तेव्हा तुझ्या अर्जावर सही कर. पण आधी तिला उत्तर मिळू दे.

... थांबतेस ना? उद्या दुपारपर्यंत?... बरं. बरं गं.

टपालपेटीपाशीच आलोय. पावणेबाराला उघडतात, पाच मिनिटं आहेत... नाही, वाचून नाही दाखवणार. तीनच ओळी आहेत. उशीर झाला असं एका ओळीत लिहिलंय, ती ओळ फार लहान वाटते आहे आता. अजून थोडं लिहायला हवं होतं. घरी जाऊन नीट... नाही, नाही. घरी नाही जात. तू ओरडू नकोस.

... टाकलं.

... हो, खरंच टाकलं. आवाज आला ना आत पडल्याचा. तुला नाही ऐकू आला?

... नाही, काही नाही. मायना नीट होता का, एवढंच बघायचं होतं. पण हात जात नाही आत. आत्ताच घालून पाहिला.

... नाही जात. बरं झालं. ठेवतो.