सातवी सासू

दातांच्या डॉक्टरकडे माझा नंबर आला, तेव्हा मी शेजारच्याला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." मागच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या. ते सोडून दात काय दाखवत बसायचे!

"उद्या तुझी पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, आणि चेहरा का पाडलायस?"

"परीक्षक म्हणतात, मी ज्या सासवांच्या मुलाखती घेतल्या, त्यातली सातवी मी मनानंच रचलीय. खरी बाई असं बोलत नाही म्हणे. ते अडून बसले तर पदवी लटकली, आई."

"सातवी म्हणजे मीच ना?"

"हळू बोला! समाजशास्त्रात मुलाखत देणाऱ्याचं नाव फोडत नाहीत."

"माझं कोणतं वाक्य खटकलं त्या शहाण्याला?"

"'सुनेला कपाटाच्या किल्ल्या दिल्या, पण आधी कुलपं बदलली.'"

"अगं, बदललीच होती की!"

"माहितेय. तासभर मीच खटपट करत होते."

"बरं, उद्या तिथे कोणीही येऊन बसू शकतं ना?"

"हो, प्रश्नही विचारू शकतं. पण 'सातवी मीच' असं उभं राहून सांगायचं नाही हं!"

"मी कशाला सांगू? मी फक्त विचारणार, 'काय हो सर, घरातलं मीठ संपलं की तुमच्या आईला आधी कळतं की बायकोला? आणि जिला कळतं, ती दुसरीला सांगते का?'"

"आई, परीक्षकांना कोणी प्रश्न विचारत नाही!"

"म्हणूनच विचारणार. अशी बाई खरंच असते, हे त्यांना तिथल्या तिथे कळेल."