तळाचा रंग

रंगाच्या दुकानातल्या रांगेत एका बाईंच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची मुलगी उभे होते. बाईंचे कान आपसूक तिकडे गेले.

"बोट भंगारात घाल. तळाला पांढरी पूड धरलीय."

"पूड खरवडली मी, बाबा. थोडे खड्डे पडलेत, बाकी पत्रा ठणठणीत आहे."

"अ‍ॅल्युमिनियम एकदा झिजायला लागलं की थांबत नाही."

"थांबतं. जुन्या रंगात शेवाळ धरू नये म्हणून तांबं होतं, तेच पत्रा खात होतं. तो रंग पार काढला. आता प्रायमर आणि वर बिनतांब्याचा रंग."

"आणि बुडालीस तर?"

"बुडत नाही. पहिल्या फेरीला तुम्हालाच नेणार आहे."

"माझे हात थरथरतात गं."

"सुकाणू मी धरते. मासे कुठे लागतात ते तुम्ही सांगा."

म्हातारा पुढे झाला. दुकानदाराला म्हणाला, "प्रायमर द्या. आणि ब्रश दोन द्या."