रताळ्यांना पाणी घालणारी बाई

नाव मालू दिनानाथ दळवी, वय ५३ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, रा. गागोदे बुद्रुक, ता. पेण, जि. रायगड.

मी आज पेण येथे पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझे पती दिनानाथ यांनी मी बेपत्ता असल्याची खबर दिली आहे. ती बाई मीच आहे. मला कोणी पळवून नेले नव्हते.

आमचा एकुलता मुलगा रितेश रोह्याला कंपनीत कामाला होता. तो शिफ्टला जाताना मोटारसायकलवरून पडून वारला, त्यास तीन वर्षे झाली. तेव्हापासून पती माझ्याशी बोलत नव्हते. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. जेवण वाढले की जेवत. मला दोष दिला नाही. दिला असता तर तेवढे तरी बोलणे झाले असते.

भात निघाल्यावर ओढ्याकाठच्या तुकड्यात मी रताळ्यांचे वेल लावले होते. माघात ओढा आटला, म्हणून वाळूत खड्डा करून कळशीने पाणी घालत होते. एके दिवशी भरली कळशी घेऊन मी घसरून पडले. पती समोर होते. त्यांनी हात देऊन मला उठवले, कळशी उचलून दिली आणि निघून गेले. लागले का, असे विचारले नाही. त्याच दुपारी मी घर सोडले.

वाटेत डोहाजवळ चपलेचा अंगठा तुटला. दोन्ही चपला तिथेच ठेवून मी अनवाणी डोंगरापलीकडे धोंडुबाईकडे गेले. ती लहानपणची मैत्रीण, एकटी राहते. तिचे नाव आमच्या घरी कोणाला माहीत नाही. चपला पाहून गावाने मी बुडाले असे धरले आणि डोहात शोध घेतला, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

मग शेतावर परत का येत होते असे विचारल्यावरून सांगते की, रताळी भरायच्या वेळेस पाणी तोडले तर ती बारीक राहतात, दोरे धरतात. आणि तापल्या जमिनीत एकदम पाणी दिले तर तडकतात. म्हणून मी एक दिवसाआड पहाटे डोंगर उतरून येत असे. बुडाशी पाणी घालायचे, चुलीची राख आणि थोडे कुजलेले शेणखत द्यायचे, आणि ऊन चढायच्या आत परत जायचे.

शेजारीण गोदूबाई हिने एकदा मला लांबून पाहिले. मी हात वर केला. तिने हात जोडले आणि पाठ न दाखवता मागे मागे गेली. पुढच्या वेळी बांधावर द्रोणात दहीभात आणि नारळ ठेवलेला होता. तेव्हा मला समजले की मी गावाला मेलेली आहे. मला भूक लागली होती. मी तो भात खाल्ला.

त्यानंतर पती येऊ लागले. पहिल्या दिवशी बांधावर लांबच बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मालू, तिकडं थंडी हाय का गो?"

तीन वर्षांनी त्यांच्या तोंडून माझे नाव ऐकले. मी उत्तर दिले नाही. जिवंत आहे असे कळले तर पुन्हा बोलणार नाहीत, अशी भीती वाटली. मी पाणी घालत राहिले. त्यानंतर ते दरवेळी येत. "जेवलीस का?" विचारत. म्हैस व्याली, नळाला पाणी नाही, असे सांगत. मी ऐकण्यासाठी सावकाश पाणी घालत असे. जिथे एक कळशी पुरे, तिथे दोन घातल्या.

काल ते म्हणाले, "रितेश त्या दिवशी नको बोलत व्हता. रात्रपाळीची झोप झाली नाय, बोलला. मीच धाडला त्याला. तुला सांगितलं असतं तर तू माझ्याकडं बघितलं नसतंस."

माझ्याने राहवले नाही. मी म्हणाले, "मला ठाऊक हाय. जाताना तो सांगून गेला व्हता मला."

ते उठून उभे राहिले. जवळ आले. माझ्या पायाला चिखल होता, त्याकडे पाहिले, मग माझ्या हाताला बोट लावून पाहिले. हात गरम लागला असावा. त्यांनी ओरड केली नाही. गावात जाऊन पुतण्या जितेश यास बोलावून आणले आणि आज त्याच्या गाडीतून आम्ही तिघे इकडे आलो. कालपासून आत्तापर्यंत पती माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. आता कोठे राहणार असे विचारले. त्याचे उत्तर एकटीने देण्यासारखे नाही, असे मी सांगितले. साहेबांनी पतींना आत बोलावले. ते दारापर्यंत आले, आत आले नाहीत.

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. वाचताना पती दारात उभे होते. रितेश मला सांगून गेला होता, हे आले तिथे त्यांनी हवालदारांना थांबवले व "तेवढं पुन्हा वाचा" असे म्हणाले. ते पुन्हा वाचण्यात आले.

समक्ष सही
मालू दिनानाथ दळवी