चाव्या नेणारी

नागुबाई : बसा जमादार. ताट मंग वाढते, आधी एक गोष्ट सांगते तुमाला. लई भारी गोष्ट हाय, पण शेवटापातुर ऐकायची. मधीच टोपी घालून उठायचं न्हाई.

श्रीपाद : नागुबाई, आज गोष्टीला वेळ नाही हो. ठाण्यात गडबड आहे. मीच तुम्हाला काही सांगायला आलोय.

नागुबाई : सांगा की. माझी झाल्यावर. तर, ह्या आपल्या लातूरमधी एक बाई होती. खानावळ चालवायची. टूशनला आलेल्या पोरींचे डबे स्कुटीवरनं पोचवायची.

श्रीपाद : बाई ओळखीची वाटते.

नागुबाई : गप ऐका. तिच्याकडं एक उदगीरची पोरगी जेवायला यायची. रोज उशीर. आमटी थंडगार झाल्यावर यायची. बाई म्हणली, कामून गं, घड्याळ न्हाई का तुझ्याकडं? तर म्हणली, मावशी, क्लासच्या गेटापाशी पोरं गाड्या लावून बसतात. अंगावर गाडी आणतात, घाण बोलतात. म्हणून मी मागच्या गल्लीनं फिरून येते.

श्रीपाद : मग?

नागुबाई : मंग काय. बापाच्या कानावर गेलं. बाप आला अन् पोरीला पेटी-गादीसकट घेऊन गेला. पोरगी गेली गावाला, पोरं तिथंच गेटापाशी. शेंगदाणे खात.

श्रीपाद : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

नागुबाई : तुमी इचारलं कवा? बाईला रातभर झोप न्हाई. सकाळी उठली अन् तोंडाला स्कार्फ बांधला. चैताचं ऊन. लातूरमधी त्या उन्हात कोणती बाई तोंड उघडं ठेवती? सगळ्या तशाच. गेली गेटापाशी. एक पोरगा गाडीवर मांडी घालून बसलेला. त्याच्या गाडीची चावी उपटली, अन् स्कुटीवरनं पसार!

श्रीपाद : आणि चावी आमच्या चौकीच्या खिडकीत.

नागुबाई : आता सांगा, चावी उपटायचं बाई कुणाकडनं शिकली?

श्रीपाद : कुणाकडनं?

नागुबाई : तुमच्याकडनंच की! चौकात तुमी तिच्याच स्कुटीची चावी काढून घेतली होती. हेल्मेट न्हाई म्हणून. भर उन्हात उभं केलं बिचारीला. डबे नासले सगळे.

श्रीपाद : मी? छे. मला नाही आठवत.

नागुबाई : तुमाला कशाला आठवंल? तुमचे डबे नव्हते.

श्रीपाद : बरं, आता माझीही बाजू ऐका. मला काय ठाऊक कोण ठेवतंय! पोरं यायची मान खाली घालून. काका, माझी चावी इथं आहे म्हणे. मी म्हणायचो, आहे ना. कुठं हरवली होती? पुटपुटायची काहीतरी. मोठ्यानं बोल बाबा, ह्या सगळ्या लोकांना ऐकू जाऊ दे. गेटापाशी. गेटापाशी तू काय करत होतास? तुझा क्लास आहे तिथं? नाही. मग? घाम फुटायचा एकेकाला. सगळं तोंडानं सांगितल्याशिवाय चावी दिली नाही मी कुणाला.

नागुबाई : बाईनं तुमाला असं करा म्हणून सांगितलं नव्हतं.

श्रीपाद : पण चोर म्हणून मी तिला शोधतच होतो, हे खरं. मग एक दिवस चावी नाकाशी नेली. येसर मसाल्याचा वास! आमच्या नांदेडच्या घरी आई करते तसा. म्हटलं, ह्या वासाच्या मागं जावं.

नागुबाई : अन् आलात हितं. पण जेवलात का? म्हणलात, आज उपास हाय. मंगळवार होता, मी म्हणलं असंल. बुधवारीबी उपास. गुरुवारीबी उपास. पाण्याचा पेला भरून ठेवला, तर आमच्या हातचं पाणीबी चाललं न्हाई. मला काय कळत नव्हतं व्हय, कशाचा उपास हाय ते?

श्रीपाद : नागुबाई, आता सोडा ना ते.

नागुबाई : सोडलंच की. आता तीनदा आमटी मागून घेता, तवाच सोडलं.

श्रीपाद : तुमच्या आमटीनं माझा शर्ट आवळायला लागलाय. पण आपण दोघंही बघा कसे. इतकी वर्षं झाली, समोरासमोर बसून ‘ती अशी’, ‘ती तशी’ करून राहिलो. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही.

नागुबाई : तेच बरं होतं. आता सांगा तुमचं.

श्रीपाद : गेटापाशी बसणाऱ्या पोरांतल्या त्या वरदची चावी गेली परवा. तो मित्राच्या गाडीवर बसून तिच्या मागं लागला, घसरला, हात मोडला. बाप वजनदार माणूस, तक्रार दिली. साहेब नवीन आहेत, त्यांना नाव पाहिजे. आज सकाळी एका पोरीला आणून बसवलंय. वरद म्हणतो, हाच तो स्कार्फ, पिवळ्या फुलांचा.

नागुबाई : लुंबिनी. माझ्याकडंच जेवायला येती ती.

श्रीपाद : तुम्हाला कळलं?

नागुबाई : तिच्या खोलीतल्या पोरी रडत आल्या हितं. काय बोलली का ती?

श्रीपाद : अक्षर नाही. स्कार्फ कुठला, विचारलं तर खाली बघते. हे पाहा, तुम्ही गप्प बसा. एका स्कार्फवर केस उभी राहत नाही. दोन-चार दिवसांत मी साहेबांची समजूत काढतो, बापही थंड होईल.

नागुबाई : परवा तिची डॉक्टरकीची परीक्षा हाय, जमादार. दोन वर्षं त्याच्यासाठी घासलीत पोरीनं. बाप किल्लारीला जीप चालवतो. अन् तुमी म्हणता दोन-चार दिवस?

श्रीपाद : मग काय करू मी?

नागुबाई : तुमी काई करू नका. तो स्कार्फ माझा हाय. मीच दिला तिला. उन्हानं डोकं फुटतंय म्हणली, तर माझ्या डोक्याचा काढून बांधला तिला. माझ्या ध्यानातच आलं न्हाई की तोंडाऐवजी लोक आता स्कार्फ ओळखायला लागलेत.

श्रीपाद : आज पहिल्यांदा ‘बाई’ सोडून तुम्ही ‘मी’ म्हणालात.

नागुबाई : हाव. चाव्या मी नेल्या. आता लपायचं काम न्हाई. येते मी ठाण्यात.

श्रीपाद : खानावळीचं काय होईल? लोक काय काय बोलतील, कल्पना आहे?

नागुबाई : बोलू द्या. जामीन द्यायला आमच्या गल्लीतला दयानंद हाय, त्येला सांगून ठेवलंय. अन् भिऊ नका, तुमचं नाव माझ्या तोंडातून निघायचं न्हाई. खिडकीत चाव्या ठेवल्या, पुढचं मला मालूम न्हाई.

श्रीपाद : तुम्ही नाही घेतलं तरी मी सांगणार. चाव्या मी घेत होतो, मी देत होतो, वर कधी कळवलं नाही.

नागुबाई : येडे झालात का? नांदेडची बदली मागितलीय ना तुमी? आई एकटी हाय तिकडं.

श्रीपाद : ती बदली आता होत नसते. इथल्याच मुरुडला टाकतील फार तर.

नागुबाई : मंग कामून? खामखा?

श्रीपाद : खामखा कसं? तुम्ही एकट्या साहेबांसमोर उभ्या, आणि मी दाराशी तुमच्याकडं न बघता उभा. जमायचं नाही मला ते. आईला मी समजावीन.

नागुबाई : थांबा जरा, पदरानं डोळे पुसू द्या.

श्रीपाद : काय झालं?

नागुबाई : काई न्हाई. डोळ्यात धूर गेला चुलीचा.

श्रीपाद : गॅसवर कसला धूर, नागुबाई?

नागुबाई : तुमी पोलीसच राहिलात शेवटी! चला. आमटी झाकून ठेवते.

श्रीपाद : जीप बाहेर आहे.

नागुबाई : थांबा. आधी तुमचा फोन काढा. लुंबिनीचा बाप किल्लारीहून निघाला असंल, जीपवर. पोलिसाचा आवाज ऐकला की त्येच्या हातातलं स्टेअरिंग सुटंल. म्हणून नाव, ठाणं, काईबी सांगत बसू नका. पहिल्यांदा एवढंच म्हणा, ‘पोरगी बरी हाय, सावकाश या.’ मंग सांगा, तुमी कोण ते.