ऐकलं, का केलं?

मावशी, कुरवंड्याची सगळी मंडळी, आणि वीज उपकेंद्रातले माझे सहकारी. मला सभेत बोलायची सवय नाही. आज बोलायचं ते ठरवून आले आहे, तरी ते नीट बोलता येईल याची खात्री नाही.

बबनभाऊ आमचे लाइनमन. कागदावर मी त्यांची साहेब. काम मात्र त्यांनी मला शिकवलं.

एक गोष्ट सांगायची आहे. इथे ती कोणालाच माहीत नाही. मावशी, तुम्ही भाऊंच्या घरच्या, पण तुम्हालाही नाही.

मी नोकरीत नवीन होते. भाऊंचा फोन आला. "मॅडम, कुरवंड्याची लाइन बंद करा. खांबावर चढतोय."

मी म्हणाले, "ओके."

मला म्हणायचं होतं, ऐकलं, आता बंद करते. भाऊ समजले, बंद झाली.

भाऊ चढले. लाइन चालू होती. तारेला हात लावायच्या आधी टेस्टर लावायचा, ही त्यांची सवय. त्या सवयीने त्यांना वाचवलं. मी नाही.

खाली उतरून त्यांनी पुन्हा फोन केला. आवाज चढलेला नव्हता.

"मॅडम, तुमचं ओके म्हंजी ऐकलं, का केलं?"

"ऐकलं."

"मला वाटलं, केलं." पुढे म्हणाले, "लय गोड शब्द हाय. चहाला इचारलं तर चालतोय. खांबावर न्हाई चालत."

त्यांनी तक्रार केली नाही. मीही कुठे नोंद केली नाही. पण त्या दिवसापासून आमच्यात ओके बंद. मी म्हणायचे, "कुरवंडे लाइन बंद केली." भाऊ तेच शब्द परत म्हणायचे, मगच चढायचे. ऑफिसातले लोक म्हणायचे, "झाले यांचे पाढे सुरू." आम्ही त्यांना हसू दिलं.

गेल्या महिन्यात भाऊंना दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "ती खांबाची गोष्ट नव्या पोरांना सांगा. तुमची चूक म्हनून न्हाई. त्यांचा जीव ऱ्हावा म्हनून."

माझ्या तोंडून निघालं, "ओके."

भाऊ हसले. "ऐकलं, का केलं?"

"ऐकलं," मी म्हणाले. खरंच, तेवढंच झालं होतं. लाज वाटत होती. भाऊ गेले तोवर मी कोणाला सांगितलं नव्हतं.

नवे लाइनमन मागे उभे आहेत. फोनवर मी कधी ओके म्हणाले, तर चढू नका. विचारा.

आता दोन मिनिटं सगळे शांत उभे राहू या.

भाऊ, केलं.